काही झालेलं नसताना मांजराला डॉक्टरकडे नेलंय का? अनुभव लिहा

मागच्या महिन्यात आमची ठमी गेली. चौदा वर्षांची होती. वय झालं होतं असं सगळे म्हणतात, खरंही आहे. पण गेलं वर्षभर ती पाण्याच्या वाटीपाशी जरा जास्तच दिसायची. म्हटलं उन्हाळा आहे. पावसाळा आला तरी ती तिथंच. एकदा बाथरूममधल्या बादलीच्या काठावर पुढचे पाय टेकून पाणी पिताना दिसली, तर आम्ही फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला. सगळे हसले.

दवाखान्यात नेली तेव्हा वजन दोन किलो आठशे भरलं. नसबंदीच्या जुन्या कागदावर पावणेचार होतं. रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंडं नीट चालतात का ते त्यावरून कळतं) वाढलेलं. डॉक्टर म्हणाल्या, "रक्तात हे दिसेपर्यंत मूत्रपिंडांचं पाऊण काम गेलेलं असतं. याआधी वजन कधी केलं होतं?" त्या नसबंदीच्या वेळीच. म्हणजे तेरा वर्षांपूर्वी.

तर आजारपणाचे किस्से नकोत. धडधाकट मांजर नुसतं दाखवायला नेलं आणि काय निघालं, किंवा नेलं नाही म्हणून काय झालं, ते लिहा. कसं नेलं तेही लिहा. आमची निम्मी लढाई पिशवीत भरण्याचीच होती.

गुहागरची आत्या
आमच्याकडे डॉक्टर यायचा तो म्हशीसाठी. मांजर काय, उंदीर मारतं, आपलं आपण जगतं. तीन वर्षांपूर्वी मनीची पाच पिल्लं चार दिवसांत गेली. उलट्या, जुलाब, आणि एक गोष्ट डोळ्यांसमोरून जात नाही. पिल्लू पाण्याच्या ताटलीवर मान टाकून बसायचं. नाक पाण्याला टेकलेलं, पण प्यायचं नाही. सासूबाई म्हणाल्या नजर लागली. मग काशीला सोन्याचं मांजर द्यायची गोष्ट निघाली, ती वेगळीच.
म्हशीच्या डॉक्टरांनाच विचारलं. ते म्हणाले, हा पॅनल्युकोपेनिया. विषाणू घरात वर्षभरही टिकतो, ब्लीचने पुसून काढा आणि लस नसलेलं पिल्लू इतक्यात आणू नका. पुढच्या पिल्लाला आठव्या आठवड्यापासून तीन-चार आठवड्यांच्या अंतराने सोळाव्यापर्यंत ट्रायकॅट दिली, म्हणजे याच रोगावरची लस. मध्ये तीन महिन्यांचं झाल्यावर रेबीजची. लशीसाठी चिपळूणला एसटीने नेलं, भाजीच्या टोपलीवर टोपली बांधून. कंडक्टरने तिकीट नाही मागितलं.

तिसरा मजला
आमचा बोका जन्मात दाराबाहेर गेला नाही, त्याला कशाला लशी?

गुहागरची आत्या
अरे, तू जातोस ना बाहेर? चपलेला लागून येतो तो विषाणू.

डोंबिवली फास्ट नाही
तिसरा मजला, मीही हेच म्हणायचो. मग जंताची गोळी देताना बोक्याने अंगठ्यात दात रुतवले. साबण लावून पंधरा मिनिटं नळाखाली हात धरला आणि दवाखाना गाठला. पहिला प्रश्न, "मांजराला रेबीजची लस आहे?" होती, तरी इंजेक्शनं सुरू केलीच. ०, ३, ७, १४, २८ असे दिवस. पण लशीचं कार्ड घरात होतं म्हणून रात्री झोप लागली, नाहीतर बोक्याच्या तोंडाकडे बघत बसलो असतो. (गोळी आता डॉक्टरच देतात, दर तीन महिन्यांनी. माझा अंगठा महाग आहे.)

टेरेसवरची
माझा अनुभव दातांचा. वार्षिक लशीला गेलो होतो, अगदी ठणठणीत. डॉक्टरांनी हनुवटी धरली, अंगठ्याने ओठ वर केला. हिरडीवर लालभडक रेघ आणि मागच्या दाढेच्या मुळाशी गुलाबी खळगा. त्याला काडी लावली मात्र, सगळा जबडा थडथड हलला. इतकं दुखत होतं आणि आम्हाला पत्ता नाही! जेवत होता ना. फक्त कोरडं खाणं न चावता गिळायला लागला होता, ते आम्ही लाडात "घाईत असतो" म्हणायचो. दाढ काढल्यावर चौथ्या दिवशी पडद्यावर चढला. तो दोन वर्षांत चढला नव्हता.

नाव नको
लाज वाटते, पण लिहितो. पिसवांसाठी दवाखान्यात न जाता दुकानातून मानेवर सोडायचं औषध आणलं. दुकानदार म्हणाला कुत्रा-मांजर एकच. त्यात परमेथ्रिन होतं. तीन तासांत मांजर थरथर कापायला लागलं. वाचलं, पण दोन रात्री सलाइनवर होतं. कुत्र्याचं औषध मांजराला नाही. आपली पॅरासिटामॉलही नाही, अर्धीसुद्धा नाही.

लीड्सवाली वहिनी
इकडे इंग्लंडमध्ये १० जून २०२४ पासून मांजराला वीस आठवड्यांच्या आत मायक्रोचिप लावणं सक्तीचं आहे. मी कुरकुरतच लावली. त्याच भेटीत डॉक्टरांनी स्टेथोस्कोप जरा जास्त वेळ ठेवला आणि हृदयात मर्मर, म्हणजे ठोक्यांमधला जादा आवाज, सापडली. आता दर सहा महिन्यांनी तपासणी. मांजर अजून फ्रिजवर उडी मारतंय.

पिशवी प्रकरण
नेण्याबद्दल कोणी फारसं लिहिलंच नाही. बास्केट माळ्यावर ठेवू नका. ती दिसली की मांजर पलंगाखाली, हे ठरलेलं. आमची वर्षभर हॉलमध्ये उघडी असते, आत माझी जुनी साडी, खाऊही तिथंच. झाकण वरून उघडणारी घ्या. घाबरट असेल तर डॉक्टरांना आधी सांगा, शांत करायची गोळी मिळते.

बंड्याचे बाबा
आमच्या सोन्याचं वजन वर्षभरात पाचावरून साडेसहा. डॉक्टर म्हणाले खाणं कमी करा, मधुमेह होईल. महिनाभर मोजून दिलं, शंभर ग्रॅमही उतरला नाही. शेवटी गळ्यात चिठ्ठी बांधली, "मला खायला देऊ नका". संध्याकाळी मागच्या बाजूला उत्तर: "बंड्या आमच्याकडे दोनदाच जेवतो."

धागाकर्ती
बंड्याचे बाबा, ठमी गेल्यावर पहिल्यांदा हसले. धाकट्या गण्याला काल तोलला, आधी मी एकटी काट्यावर, मग त्याला घेऊन. चार किलो शंभर. कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाखाली लिहून ठेवलंय.