शेजारच्या काकीचं कार्ड संपलंय आणि पायाला जखम आहे, आधी कुठे न्यायचं?

सत्तरीकर
गोव्यात वाळपईच्या पुढे आमचा वाडा. शेजारची काकी ७२ वर्षांची, एकटीच, मूलबाळ नाही. साखर आहे. पायाच्या अंगठ्याला जखम होऊन तीन आठवडे झाले, हळद लावून चाललंय. परवा भाच्याने एका खाजगी हॉस्पिटलात नेलं तर दीनदयाळ कार्डाची (सरकारी आरोग्य विम्याचं) मुदत संपलीय, आधी डिपॉझिट भरा म्हणाले, मग तशीच परत आली आणि आता म्हणते "काय नाय रे, होतं बरं". तिचे कागद म्हणजे रेशनची एक पिशवी, त्यात लाइटचं बिल पण आणि गोळ्यांची कापलेली पाकिटं पण. कार्ड आधी करू की सरळ बांबोळीला जीएमसीत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात नेऊ? मला सुट्टी एकच दिवस मिळणार.

ड्रेसिंगवाली
कार्डासाठी एक दिवस पण थांबू नका. कार्ड लागतं ते अ‍ॅडमिट होऊन इलाज करायचा तेव्हा, ओपीडीत दाखवायला नाही. उद्याच वाळपईच्या हेल्थ सेंटरवर न्या, साखर बघतील, जखम धुऊन ड्रेसिंग करतील, आणि गरज वाटली तर बांबोळीची चिठ्ठी देतील, म्हणजे तुमची सुट्टी चुकीच्या लाइनीत जाणार नाही. साखरवाल्याच्या पायाला दुखत नाही म्हणून माणूस गप्प बसतो, नस बधिर झालेली असते. जखम काळी पडली, वास यायला लागला, ताप आला किंवा लाली वर चढायला लागली तर चिठ्ठी-बिठ्ठी नको, सरळ १०८. आणि हळद बंद करा प्लीज.

फोंड्याचा_भाऊ
कार्डाचं दोन वेगळं आहे, लोक मिक्स करतात. दीनदयाळ २०१६ पासूनचं आपल्या राज्याचं, गोव्यात ५ वर्षं राहिलेल्यांना, तिघांपर्यंतच्या कुटुंबाला अडीच लाख आणि चार किंवा जास्त असतील तर ४ लाख. दुसरं केंद्राचं आयुष्मान वय वंदना, ७० च्या वरच्या सगळ्यांना, उत्पन्न विचारत नाहीत, ५ लाखांपर्यंत. काकी दुसऱ्यात आरामात बसते, आधार कार्डावरचं वय तेवढं बघून घ्या. मोबाइलवरच्या आयुष्मान अ‍ॅपमधून पण होतं, अडलं तर १४५५५ वर फोन करा.

बोंडू
माझ्या आजीचं अडलं ते बोटांवर. जन्मभर काजू सोलले, चिकाने बोटं भाजून भाजून ठसाच उमटत नव्हता, मशीन तीनदा नाय म्हणालं आणि आजी रडायला लागली. मग चेहऱ्यावरून झालं. आधारला फोन नंबर जोडलेला असेल तर ओटीपीने पण होतं, तुमच्या काकीचा नसणार बहुतेक, म्हणून आधीच विचारून ठेवा.

ड्रेसिंगवाली
बांबोळीला जायचंच झालं तर पिशवी नेऊ नका हां. एक फाईल करा, वर सगळ्यात नवीन चिठ्ठी, खाली साखरेचे रिपोर्ट तारखेप्रमाणे. कापलेल्या पाकिटांवर नाव दिसत नसलं तर सगळी पाकिटं डॉक्टरसमोर टेबलावर ओता, लाजू नका. बस पणजी स्टँडपर्यंत, तिथून मडगावच्या बाजूची घ्या. सकाळी लवकर पोहोचा.

सत्तरीकर
नेलं आज वाळपईला, सुट्टी न घेता, सकाळचा अर्धा दिवस मारून. डॉक्टरने विचारलं काय होतंय तर काकी म्हणाली "काय ना", मग मागून मीच तीन आठवडे आणि हळदीचं सांगितलं, काकी माझ्याकडे अशी बघत होती जसं काय मी चोरी पकडून दिली. साखर ३१२. जखम साफ केली, दोन दिवसांनी परत बोलावलंय, आणि सर्जरीच्या ओपीडीची चिठ्ठी दिलीय, गुरुवारी भाचा नेणार. वय वंदनाचं पण विचारलं, तिथेच होतं म्हणाले, चेहऱ्यावरून.

रात्री फाईल करायला बसलो तर लाइटचं बिल दोन महिन्यांचं थकलेलं निघालं. ते पण आता माझ्याकडेच.