उष्टं चालतं तोच जवळचा? लहान मुलांचं नात्याचं गणित

निवांत_बाबा: आमची पाच वर्षांची पोरगी मावशीच्या ग्लासातलं पाणी बिनधास्त पिते, पण लाडक्या मैत्रिणीने तिच्या बाटलीला तोंड लावलं की ईऽऽऽ! 2022 मध्ये सायन्स जर्नलमध्ये ॲश्ली थॉमस आणि टीमचा पेपर आला होता, त्यात हेच. बाळांना व्हिडिओ दाखवला, एक बाई बाहुल्याबरोबर संत्र्याची एकच फोड उष्टी करून खाते, दुसरी त्याच्याशी नुसती बॉल खेळते, मग बाहुला रडायला लागला की बाळं उष्टं खाणारीकडे बघतात, म्हणजे आता ही धावेल. वय साडेआठ ते 10 महिने! माझं मत, मुलं हे आपलं आपण ताडतात. 'हे सख्खे काका' असं आपण कितीही घोकून घेतलं तरी काय उपयोग.

खोडरबर: अजिबात पटलं नाही. बघितलं म्हणजे जवळचं वाटलं असं कसं? एकत्र राहणाऱ्यांचं उष्टं होतंच, ती सवय झाली. माझा मुलगा कुणाचंच उष्टं खात नाही, माझंही नाही, मग काय मी परकी? ताप आला की मांडी माझीच लागते.

निवांत_बाबा: अहो तुमच्या मुलाला कोण काय म्हणतंय, तो दुसऱ्यांकडे बघून काय अंदाज बांधतो हा मुद्दा आहे. त्याच पेपरात 5 ते 7 वर्षांच्या मुलांना विचारलं तर उष्टं घरच्यांचंच म्हणाली, खेळणी मात्र घरचे काय मित्र काय, कुणाबरोबरही चालतील.

अर्धी_रात्र: तुम्ही दोघं उष्ट्यातच अडकलात. लहानपणी मित्र म्हणजे आत्ता जो खेळतोय तो, मोठं झाल्यावर माप बदलतं, गुपित कुणाला सांगितलं ते बघायचं. माझी नऊ वर्षांची, वर्गात तिला चिडवत होते ते मला दोन महिन्यांनी कळलं, मैत्रिणीला त्याच दिवशी. मी (उगाचच) रागावले, तर म्हणे, "तू लगेच टीचरला सांगितलं असतंस."

खोडरबर: हां, हे पटलं. म्हणजे तुम्ही लांबच्या नाही झालात, तुम्ही काय कराल ते तिला पक्कं ठाऊक आहे. मैत्रीण फक्त ऐकून घेते.

अर्धी_रात्र: ठाऊक आहे म्हणूनच सांगत नाही, हे काय सुख आहे का!

निवांत_बाबा: काल पोरीला विचारलं, तुझ्या सगळ्यात जवळचं कोण? तर मलाच उलट विचारते, "कशासाठी?"