मदत हवी आहे : बटण बंद, तरी टेस्टर पेटतो

नमस्कार मंडळी. लालबागच्या आमच्या जुन्या चाळीत सासूबाईंच्या खोलीतली ट्यूबलाइट काढून एलईडी पट्टी लावायची होती. जुनी पट्टी उतरवली तर दोन्ही वायरी काळ्या, वरचं कापडी वेष्टण बोट लावताच गळतंय, टोकांना हिरवा गंज. अर्थिंग नाहीच. बटण बंद करूनही होल्डरवर टेस्टर पेटतो, म्हणजे बटण फेजऐवजी (वीज आणणारी वायर) न्यूट्रलवर (परतीची वायर) असावं. त्यात पावसाने स्लॅबला ओल. २३० व्होल्टशी खेळ नको, म्हणून फ्यूज काढून ठेवलाय.

परवानाधारक वायरमनकडून एवढाच पॉइंट करावा की अख्ख्या खोलीची वायरिंग बदलावी? अर्थिंग नसताना ३० मिलीअँपची आरसीसीबी (वीज गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) उपयोगी पडेल का? चाळींची कामं केलेला भरवशाचा माणूस परळ-लालबागकडे असेल तर कृपया लवकर कळवा, सासूबाईंना रात्री दिसत नाही.