बेरोजगारी भत्ता लवकर मिळावा म्हणून कायदा: अमेरिकेतल्या राज्यांत फरक पडेल का?

प्रश्न: दावे ठरावीक दिवसांत निकाली काढायची सक्ती राज्याने केली तर उपयोग होईल? दावा अडतो कुठे?

उत्तर १: मुदत आधीच आहे. संघीय नियमांनुसार ८७ टक्के पहिले हप्ते १४ दिवसांत जायला हवेत. प्रतीक्षेचा आठवडा (भत्ता न मिळणारा पहिला आठवडा) नसलेल्या राज्यांत २१ दिवसांत. नुसती नवी तारीख लिहून काय साधणार? माणसं आणि संगणकप्रणाली यांसाठी पैसा हवा.

उत्तर २: खरी गाठ नोकरी सुटण्याच्या कारणाशी बसते. कामगार लिहितो 'कामावरून कमी केलं', मालक कळवतो 'स्वतःहून सोडलं', की फाइल निर्णय अधिकाऱ्याच्या टेबलावर जाऊन पडते. त्यामुळे कायद्यात एक कलम हवंच: मालकाचं उत्तर मुदतीत आलं नाही, तर हाती असलेल्या माहितीवर निकाल द्यायचा. ओळख पडताळणीत अडकलेल्यांसाठी प्रत्यक्ष कार्यालयाचा पर्यायही ठेवा, सगळं ऑनलाइन नको.

उत्तर ३: निकाल लागेपर्यंत दर आठवड्याचं प्रमाणपत्र (त्या आठवड्यातही आपण भत्त्यासाठी पात्र आहोत असं कळवणारा अर्ज) भरणं थांबवू नका! दावा मंजूर झाला तरी न भरलेल्या आठवड्यांचे पैसे अडकतात. दुसऱ्या राज्यात काम केलं असेल तर ते सुरुवातीलाच नोंदवा. तिथल्या वेतनाची माहिती मागवण्यात वेळ जातो.