तेरेसाचा पाचवा महाल: ध्यानाला बसलेलं असताना आजाऱ्याची हाक आली तर?

वाटसरू: अविलाच्या संत तेरेसाचा, म्हणजे सोळाव्या शतकातल्या स्पॅनिश जोगिणीचा, 'इंटीरियर कॅसल' (1577) वाचतोय. त्यात आत्मा म्हणजे सात महालांचा किल्ला आहे. त्यांपैकी पाचव्यात देवाशी ऐक्य सुरू होतं, रेशमाचा किडा कोशात मरून पांढरं फुलपाखरू होतो, इथवर कळलं. मग तिसऱ्या प्रकरणात एकदम शेजारप्रीती येते. हे विषयांतर आहे का? आणि सेवेसाठी ध्यान मोडा, असं ती खरंच म्हणते?

कंदील: विषयांतर कसलं, ती परीक्षा आहे. देवावर आपली प्रीती आहे का, हे खात्रीने कळत नाही. शेजाऱ्यावर आहे का, ते मात्र कळतं. म्हणून ती इथे मोजते, आणि मापं अगदी घरगुती आहेत. आजारी बहिणीचं (म्हणजे मठातल्या सोबतिणीचं) दुखणं हलकं करता येत असेल तर भक्तीचा गोडवा जाईल म्हणून अडू नका. लागलं तर तिच्या तोंडी घास जावा म्हणून स्वतः उपास काढा. तिची स्तुती झाली तर आपली झाल्याहून जास्त हरखा. हे शेवटचं सगळ्यात अवघड! जरा हललं तर गोडी सांडेल म्हणून अंग चोरून प्रार्थनेला बसणाऱ्यांना तिने चांगलंच सुनावलंय. पण तिच्या मठांच्या नियमात मनन-प्रार्थना रोज दोन तास होती, सकाळी एक आणि संध्याकाळी एक. उठायचं ते अडलेल्यासाठी. कंटाळा आला म्हणून नव्हे.

शेवंती: हेच जर्मन गूढवादी एकहार्टने जर्मनीतल्या एरफुर्टला, तेराव्या शतकाच्या अखेरीस, आपल्या डोमिनिकन संघातल्या तरुण साधूंना सांगितलं होतं: संत पौलासारखी देवात तंद्री लागली असेल आणि कुणा आजाऱ्याला वाटीभर सूप हवंय असं कळलं, तर तंद्री सोडून सूप द्या. कारण त्याच्या मते प्रीतीचं ठाणं इच्छेत असतं. उचंबळून येणं हा नुसता वरचा तवंग.

बिघडतं कुठे, ते चौदाव्या शतकातली इटालियन संत, सिएनाची कॅथरीन, हिच्या 'संवाद' या ग्रंथात बघा (प्रकरण 64). झऱ्यात भांडं भरलं आणि बाहेर काढून प्यायलात तर ते रिकामं होतं. झऱ्यातच बुडवून प्यायलात तर भरलेलंच राहतं. शेजाऱ्यावरची प्रीती देवात बुडालेली नसली की कशी आटते, ते यात आलं. लक्षणंही दिली आहेत: केल्याची परतफेड झाली नाही, त्या माणसाचा सहवास तुटला, किंवा त्याला दुसरं कुणी जास्त आवडलं, की जीव दुखतो. रुग्णाची सेवा करणाऱ्यांनी ही तिन्ही आधी तपासावीत. 'धन्यवादसुद्धा म्हणत नाही' हा राग पहिल्यातच मोडतो.

वाटसरू: मग करायचं किती जणांचं? हाका संपतच नाहीत.

कंदील: तेरेसाच्याच सातव्या महालाचं चौथं प्रकरण काढा. बायबलमधल्या दोन बहिणी, कामात गुंतलेली मार्था आणि येशूच्या पायाशी बसून ऐकणारी मरिया, दोघी मिळूनच प्रभूचा पाहुणचार करतात, हे तिथेच येतं. पुढे तेरेसा बजावते की सगळ्या जगाचं भलं करायला निघू नका, ज्यांच्या संगतीत राहता त्यांच्यापासून धरा. तिच्या मठात त्या मोजक्याच बहिणी होत्या. तुमच्याकडे घरातली माणसं मोजा.