मदत हवी आहे: मोंतोने ते फोर्ली, जंगलवाटांनी एमटीबी (मराठा पलटणींच्या युद्धभूमीतून)

नमस्कार मंडळी,

येत्या मे महिन्यात मध्य इटलीत माउंटन बाइकवर (एमटीबी) जायचं ठरवलंय आणि मार्गाच्या बाबतीत अनुभवी लोकांची मदत हवी आहे. मी सध्या जर्मनीत असतो, मूळचा माणगाव तालुक्यातला. आमच्याकडे नाईक यशवंत घाडगे हे नाव प्रत्येकाला ठाऊक असतं. माणगावात तहसील कचेरीपाशी त्यांचा पुतळा आहे. पण ते नेमके कुठे लढले, असं विचारलं की "इटलीत" यापुढे फारसं कुणाला सांगता येत नाही. मलाही बरीच वर्षं येत नव्हतं, म्हणून वाचायला लागलो.

थोडक्यात पार्श्वभूमी. घाडगे पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या बटालियनचे. १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांच्या सेक्शनवर अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला. त्यांच्याखेरीज सगळे मेले किंवा जखमी झाले. ते एकटेच धावत गेले, हातबॉम्ब टाकून गन बंद पाडली, टॉमीगनने एकाला टिपलं. मॅगझिन बदलायला उसंत नव्हती, तेव्हा बंदूक नळीकडून धरून दस्त्याने उरलेल्या दोघांना लोळवलं. लगेच शत्रूच्या नेमबाजांच्या गोळ्या लागून ते पडले. वय अवघं २२. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस हा ब्रिटनचा सर्वोच्च शौर्यसन्मान मिळाला.

या खोऱ्यात मोंतोने नावाचं टेकडीवरचं तटबंदीचं गाव आहे. तिथे जुलै २०२३मध्ये त्यांच्या नावाने सूर्यघड्याळाचं स्मारक उभं राहिलं. तिथूनच सुरुवात करायची आहे.

शेवट दुसऱ्या मराठा वीराच्या जागी. शिपाई नामदेव जाधव, पहिली बटालियन, गाव निमज, नगर जिल्हा. ९ एप्रिल १९४५ला सेनिओ नदीच्या बांधावर त्यांनी दोन जखमी साथीदारांना माऱ्यातून मागे नेलं, मग एकट्याने तीन मशीनगन ठाणी बंद केली आणि बांधावर चढून शिवाजी महाराजांचा जयजयकार केला. ते वाचले, व्हिक्टोरिया क्रॉस घेऊन परतले. दोघांच्या मध्ये फोर्लीला भारतीय सैन्याचं युद्धस्मशान आहे, तिथेही थांबायचंय.

मोटारीने हे सगळं आरामात उरकता येईल, ठाऊक आहे. पण मला तो डोंगर पायाखालून जायला हवाय. दोस्त राष्ट्रांच्या फौजा जून १९४४च्या सुरुवातीला रोममध्ये पोचल्या आणि सेनिओ ओलांडायला पुढचा एप्रिल उजाडला. नकाशावर हे अंतर वीतभर दिसतं. मध्ये अपेनाइनची रांग, एकामागून एक सोंडा, प्रत्येक सोंडेवर दाट जंगल आणि प्रत्येक दरीत नदी. त्यातच जर्मनांनी मास्सापासून पेझारोपर्यंत आडवी गॉथिक लाइन ही संरक्षणफळी बांधलेली. आपली माणसं खेचरांवर दारूगोळा लादून हे चढली. हे वाचून कळतं, पण चढून जास्त कळेल असं मला मनापासून वाटतं.

सध्याचा कच्चा आराखडा: उम्बेर्तिदे - मोंतोने - पिएत्रालुंगाचं जंगल - चित्ता दि कास्तेल्लो - सानसेपोल्क्रो - ला वेर्ना - बादिया प्रातालिया - मान्द्रिओली खिंड (११७३ मी.) - बान्यो दि रोमान्या - कार्नाइओ खिंड - सांता सोफिया - मेल्दोला - फोर्ली. जंगलवाटा धरल्या तर दोनशे किलोमीटरच्या आसपास होईल. पुढे फोर्ली ते सेनिओ सपाट आहे, त्याची चिंता नाही.

सायकल हार्डटेल (फक्त पुढे सस्पेन्शन), त्याचा ट्रॅव्हल १२० मिमी, ट्यूबलेस २.३ टायर. सामान फ्रेमबॅग आणि सीटबॅगेत. तंबू नेणार नाही.

मला अडतंय ते असं. ला वेर्ना ते मान्द्रिओली हा भाग कासेन्तिनो राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीतून जातो, तिथे सायकल चालते का? मे की सप्टेंबर? जर्मनीहून रेल्वेने सायकल कशी न्यावी? आणि सगळ्यात महत्त्वाचं, घाडगे जिथे पडले ती जागा शोधता येईल का? व्हिक्टोरिया क्रॉसच्या मानपत्रात फक्त "टायबरचं वरचं खोरं" एवढंच आहे.

कुणी त्या बाजूला राहत असेल, सायकल चालवली असेल किंवा सैन्यातलं कुणी असेल तर कृपया सविस्तर लिहा.

प्रतिसाद १ (बोलोन्याहून)

दादा, धागा वाचून फार बरं वाटलं. मी या भागात बऱ्याचदा सायकल चालवते, म्हणून सुचतं ते लिहिते.

आधी रेल्वे. इटलीच्या प्रादेशिक गाड्यांत सायकल आहे तशी चढवता येते, वेगळं तिकीट काढायचं. वेगवान गाड्यांत मात्र सुटी करून पिशवीतच न्यावी लागते. म्हणून शेवटचा टप्पा प्रादेशिक गाडीनेच करा.

उद्यानात सायकलला सरसकट बंदी नाही, पण सगळ्या पायवाटा खुल्याही नाहीत. वनखात्याचे रुंद कच्चे रस्ते धरा. बादिया प्रातालियात उद्यानाचं माहिती केंद्र आहे, तिथे नकाशा समोर ठेवून विचारा. जीपीएक्स फाइलवर (जीपीएसमध्ये घालायचा तयार मार्ग) विसंबू नका, कारण वादळात बीचची झाडं पडली की वाटा बंद होतात. लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या खुणा गिर्यारोहकांच्या वाटांच्या असतात. त्या वाटा दिसल्या म्हणजे सायकलने जाता येईलच असं नाही. ला वेर्नाच्या आसपास मोठे दगड आणि मुळं आहेत, सामानासकट ढकलतच न्यावी लागेल.

मे निवडलात ते छान. सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापासून शिकारीचा हंगाम सुरू होतो आणि पुढे रानडुकरांचे हाके निघतात. कुणी शरदात जाणार असेल तर मंगळवार आणि शुक्रवार जंगलासाठी ठेवा, त्या दोन दिवशी देशभर शिकार बंद असते. इतर दिवशी अंगावर भडक रंग हवाच.

मेमध्ये त्रास चिखलाचा. डोंगरमाथ्यावर वाळूचा दगड आहे, पाऊस पडला तरी वाट निभते. पण रोमान्याच्या, म्हणजे फोर्लीकडच्या बाजूला उतरलात की चिकणमाती लागते. पावसानंतर ती टायरला अशी चिकटते की फोर्कमध्ये चाक फिरत नाही. पाऊस झाला तर सांता सोफियाच्या पुढे मुकाट्याने डांबरी रस्ता धरा.

धनगरांचे पांढरे मोठे कुत्रे कळपासोबत असतात. जोरात पळायचं नाही. सायकलवरून उतरा, सायकल कुत्र्याच्या आणि आपल्या मध्ये धरा आणि कळपाला लांबून वळसा घालून चालत जा. संध्याकाळी अंगावर गोचीड पाहायची, विशेषतः गुडघ्याच्या मागे.

प्रतिसाद २ (बेळगावहून)

मी मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालो. तुमचा विचार ऐकून अभिमान वाटला. जागेबद्दल सांगतो.

नाईक घाडगे यांची कबर नाही. त्यांचं नाव कासिनोच्या स्मारकावर कोरलं आहे. त्यामुळे समाधी शोधत फिरू नका. लढाईची जागा काढायची असेल तर बटालियनच्या युद्ध रोजनिशीकडे जावं लागेल. इटलीतल्या युनिट्सच्या रोजनिशा लंडनजवळ क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. त्यात ठाण्यांच्या जागा लष्करी नकाशाच्या आकड्यांत दिलेल्या असतात. ते आकडे त्याच काळच्या नकाशावर लावायचे, आजच्या जीपीएसमध्ये थेट घातलेत तर भलतीकडे जाल. मोंतोनेच्या नगरपालिकेलाही पत्र लिहा. ज्यांनी स्मारक उभारलं त्यांनी अभ्यास केलेला असणार.

तिसरी बटालियन दहाव्या इंडियन डिव्हिजनमध्ये होती, पहिली आठव्यात. म्हणजे तुम्ही दोन वेगळ्या डिव्हिजनांच्या वाटा जोडताय, हे वाचताना ध्यानात असू द्या, नाहीतर तारखा जुळत नाहीत. पहिली बटालियन फ्लॉरेन्सच्या ईशान्येकडच्या डोंगरातून आली. आठव्या डिव्हिजनने सप्टेंबर १९४४मध्ये फेम्मिना मोर्ता आणि आल्पे दि वितिलियानो हे डोंगर घेतले. पुढच्या खेपेला तो भाग करा.

फोर्लीच्या स्मशानात कबरींबरोबर दहनस्मारकही आहे. आपले हिंदू आणि शीख जवान बहुतेक त्याच्यावर नावानेच आहेत, म्हणून फक्त कबरींच्या रांगा पाहून निघू नका. प्रवेशाजवळच्या पेटीत नोंदवही असते. आपल्या पलटणीची नावं आधीच राष्ट्रकुल युद्धस्मशान आयोगाच्या संकेतस्थळावरून काढून न्या. त्यात गावांची नावंही पुष्कळदा दिलेली असतात. सातारा, रत्नागिरी, कुलाबा (आजचा रायगड) असं वाचताना थांबायला वेळ ठेवा.

एक सूचना, कळकळीने. जंगलात गंजलेलं लोखंड दिसलं तर हात लावू नका. ऐंशी वर्षांनंतरही त्या मातीत जिवंत दारूगोळा निघतो. जागा लक्षात ठेवा, लांब व्हा, ११२ला फोन करा. आणि खंदकांच्या खळग्यांतून सायकल उड्या मारत नेऊ नका. तिथे माणसं मेली आहेत.

प्रतिसाद ३ (पुण्याहून)

काकांचं शेवटचं वाक्य सगळ्या एमटीबीवाल्यांनी वाचावं.

तयारीबद्दल दोन गोष्टी. हा चढ तीव्र नसून लांब आहे. पुढच्या चक्राला ३२ दात असतील तर मागे ५१ दातांपर्यंतची कॅसेट (मागच्या गिअरचक्रांचा संच) हवीच, सामान असताना ४२वर गुडघे बोलायला लागतात. उतारावर ब्रेक सतत दाबून धरले की डिस्क तापते आणि लिव्हर पोकळ लागतो. नवे पॅड टाका, जोडीला एक सुटा जोड ठेवा, थांबत थांबत उतरा. डोंगरमाथ्यावर पाणी मिळत नाही, गावातल्या कारंज्यावर तीन लिटर भरून निघा. गावातली दुकानं दुपारी एक ते चार बहुधा बंद असतात, खाणं सकाळीच घ्या.

दादा, निघण्याआधी भारतात येणार असाल तर पुण्याहून ताम्हिणीने माणगावला सायकलने उतरा. सरावही होईल आणि पुतळ्याचं दर्शनही. आम्ही चारपाच जण सोबत येऊ.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. काका, क्यूच्या अभिलेखागाराला आज ईमेल केला, मोंतोनेच्या पालिकेलाही इटालियनमध्ये पत्र लिहितोय. ताई, ते पत्र पाठवण्याआधी तुम्ही एकदा नजरेखालून घालाल का? आठव्या डिव्हिजनचा भाग या खेपेत बसत नाही, तो पुढच्या वर्षी करेन. मार्गात बदल केला: पावसाचा अंदाज असेल तर कार्नाइओनंतर डांबरी रस्ता, नाहीतर सांता सोफियापर्यंत जंगल. ताम्हिणीचं फेब्रुवारीत जमवतो, तारीख इथेच कळवेन.

एक प्रश्न अजून उरलाय. सेनिओच्या बांधावर जाधवांनी नदी ओलांडली त्या भागात कुणी गेलंय का? अल्फोन्सीनेला सेनिओच्या लढाईचं संग्रहालय आहे, तिथपर्यंत पोचेन. पण बांधाच्या माथ्यावरून सायकल सलग जाते का, की मध्ये मध्ये खाली उतरावं लागतं, हे कुणाला माहीत असेल तर सांगा.