मदत हवी आहे: सालीसह ठेवलेल्या तबकाची कड कातताना लाटा उमटतात
नमस्कार. कडेला झाडाची साल तशीच राखून लेथवर (लाकूड फिरवत कातण्याच्या यंत्रावर) आंब्याच्या लाकडाचे उथळ तबक कातत आहे. फळी पूर्ण वाळलेली असून लांबी ३५० मिमी, रुंदी २८० मिमी आणि जाडी ४५ मिमी आहे. साल समोरासमोरच्या दोन बाजूंना आहे. खालची बाजू पूर्ण झाली आहे आणि टेनन (तळाशी राखलेला गोल खुंट) चकमध्ये, म्हणजे लेथच्या पकडीत, घट्ट बसला आहे.

मागच्या तबकात मधला भाग आधी कोरला आणि कड शेवटी घेतली, ही चूकच झाली, कारण पातळ झालेली कड हत्याराखाली वाकू लागली. म्हणून या वेळी मधला भाग जाड ठेवून कडेपासून सुरुवात केली. तरीही बाहेरच्या ३० मिमी पट्ट्यात, जिथे गाऊज (खोलगट पात्याचे कातायचे हत्यार) प्रत्येक फेऱ्यात दोनदा लाकडाला आणि दोनदा हवेला भेटते, तिथे टकटक आवाज येतो आणि बोट फिरवल्यावर (अर्थात लेथ थांबवून) बारीक लाटा स्पष्ट लागतात.

गाऊजला नव्याने धार लावली, वेग मिनिटाला ६०० वरून ९०० फेऱ्यांवर नेला आणि सालीच्या सांध्यात पातळ सुपरग्लू मुरवला. साल आता पक्की आहे, पण लाटा तशाच आहेत. तोल थोडा एकांगी असल्याने ९०० च्या पुढे लेथ हलतो, त्यामुळे वेग आणखी वाढवता येणार नाही. कड सध्या १४ मिमी आहे आणि ती १० मिमीवर आणायची आहे.

उरलेल्या ४ मिमीसाठी बेव्हलवर (धारेमागच्या उतरत्या भागावर) दाब कमी ठेवून गाऊजनेच हलके काप घ्यावेत, की शेवटी तिरका धरलेला स्क्रेपर (लाकूड खरवडणारे सपाट हत्यार) वापरावा, आणि स्क्रेपरने साल उचकटण्याचा धोका कितपत आहे?